तेहतीस लिटरचं वाण

श्रीरंग भुसारींचं समुद्राशी कसलंच वाकडं नव्हतं. बावन्न वर्षांत त्यांनी समुद्र एकूण दोनदा पाहिला होता, आणि दोन्ही वेळा चपला हातात घेऊन. त्यांचं वाकडं होतं ते साडूशी, आणि साडूला त्याचा पत्ताच नव्हता. समोरच्याला पत्ता नसलेलं वैर सांभाळणं फार जड जातं. सगळा भार एकट्यालाच वाहावा लागतो.

साडू म्हणजे वीरेंद्र. अमिताच्या थोरल्या बहिणीचा, एकताचा नवरा. पंचावन्नाव्या वर्षीही पोट आत असलेला आणि जबलपुरच्या सिविल लाइंसमध्ये राहणारा. श्रीरंगराव त्याच सिविल लाइंसमधल्या एका सरकारी कचेरीत बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क होते, पण संध्याकाळी साडेपाचला त्यांना स्कूटर काढून महाराजपुरला परतावं लागे आणि वीरेंद्र मात्र तिथेच हिरवळीवर चहा पीत बसलेला दिसे. तो हात हलवून बोलावत असे. श्रीरंगराव हेल्मेटची काच खाली करून, दिसलंच नाही असं दाखवून पुढे जात. घरी आल्यावर मात्र कपबशी कोणत्या रंगाची होती हे त्यांना नेमकं आठवत असे.

तर या वीरेंद्रने एप्रिलमध्ये केरळहून एक फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मागे निळा समुद्र, पायाखाली सर्फिंगचा लांबलचक बोर्ड, आणि त्यावर गुडघे वाकवून, हात पसरून हा उभा. अमिता तेव्हा पोळ्या लाटत होती. तिने पिठाचा हात ओढणीला पुसला, फोन उचलला आणि लिहिलं, ‘वाह जीजाजी!’ पुढे टाळ्या वाजवणारे तीन हात. त्यापुढे एक आगीचा लोळ.

तव्यावरची पोळी करपली ती करपलीच, पण श्रीरंगरावांच्या आतही काहीतरी करपलं. चोवीस वर्षांच्या संसारात त्यांना एकदाही ‘वाह’ मिळालं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी कूलरची मोटर स्वतःच्या हाताने उघडून, साफ करून, पुन्हा बसवली आणि ती चाललीसुद्धा. तेव्हा अमिता म्हणाली होती, “झालं का? मग तो पसारा उचला आता.”

पुढच्या रविवारी सगळे घमापुरला सासूबाईंकडे जेवायला जमले. जेवताना विषय अर्थातच समुद्राचा. वीरेंद्र वरणात लिंबू पिळत म्हणाला, “काही नाही हो, बस बॅलन्स पाहिजे. पहिल्याच दिवशी उभा राहिलो मी.”

“मी पण एक बोर्ड विकत घेऊन राहिलो,” श्रीरंगराव म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडून कसं निघालं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण निघालं, आणि ताटावरचे सगळे हात थांबले.

“अच्छा?” वीरेंद्र खरोखरच खूश झाला. तो नेहमीच खरोखर खूश व्हायचा, हेच त्याच्यातलं सगळ्यांत असह्य होतं. “कोणता? शॉर्ट की लाँग?”

आता, कुठल्याही मध्यमवर्गीय माणसापुढे दोन टोकं ठेवली की तो काय म्हणणार हे ठरलेलं आहे. चहाच्या दुकानात तो मधला कप घेतो, कापडाच्या दुकानात मधलं कापड फाडून घेतो. श्रीरंगराव म्हणाले, “मधला.”

“मिडलेंग्थ! वा, म्हणजे अभ्यास करून ठेवलाय तुम्ही!”

“पण हे चालवणार कुठं?” सासरे बाबाराव म्हणाले. “जबलपुरात समुद्र कुठं आहे?”

“बरगीले,” श्रीरंगराव म्हणाले. धरण झालं म्हणून काय झालं, पाणी ते पाणी.

“तिथं लाट कुठं येते?”

इथे श्रीरंगरावांची लेक वैष्णवी धावून आली. तिला मराठी सगळी समजायची, पण बोलायची वेळ आली की तिची गाडी हिंदीच्या रुळावर जायची. “नानाजी, मोटरबोट के पीछे जो वेव बनती है ना, उसपे भी करते हैं लोग. रस्सी पकड़ के.”

सासूबाई पार्वताबाई इतका वेळ भात वाढत होत्या. त्यांनी पातेलं खाली ठेवलं. “पुढच्या महिन्यात धोंड्याचा महिना लागून राहिला,” त्या म्हणाल्या. “जावयाले वाण द्यायचंच आहे मले. वीरेंद्रराव दर वेळी म्हणतात काही नको. श्रीरंगराव पहिल्यांदा तोंडानं काही बोलले. तर तो बोर्ड मीच देते वाणात.”

ज्यांच्या घरी जावई नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, दर तीन वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो आणि त्या महिन्यात जावयाला देवासारखं पाटावर बसवून वाण देतात. वाणाचे नियम दोन. एक म्हणजे वस्तू तेहतीस. दुसरा म्हणजे वस्तूला जाळी हवी, भोकं हवीत. अनारसे, बत्तासे, जे काय असेल ते. पार्वताबाईंनी आयुष्यात एकही नियम वाकवलेला नव्हता.

“भोकं आहेत का त्याले?” त्यांनी विचारलं.

हे कोणालाच ठाऊक नव्हतं. वैष्णवीने तिथल्या तिथे फोनवर शोधून कोकणात बोर्ड बनवणारा एक योगेश नावाचा तरुण गाठला, आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ताटांच्या मधोमध ठेवला. श्रीरंगरावांची पहिली चूक ही, की त्यांनी तो फोन उचलून गच्चीवर नेला नाही.

योगेश मोठा गोड बोलायचा. “आहेत ना आजी! मागे फिन, म्हणजे कल्ले बसवायला तीन खाचा, आणि पायाची दोरी बांधायला एक भोक. आणि आतला फोम म्हणजे सगळी जाळीच.”

पार्वताबाईंनी समाधानाने मान हलवली. पुढे योगेश म्हणाला, “काका, लांब बोर्ड असला की पटकन उभं राहता येतं, पण तो वळता वळत नाही. छोटा भरभर वळतो, पण नवख्याला लगेच पाडतो. मधला अशासाठी, ज्याला निवांत जायचंय, पण मनात आलं तर थोडं वळायचंही आहे.” श्रीरंगरावांना भरून आलं. आपल्याला इतकं नेमकं आजवर कोणी ओळखलं नव्हतं. “फक्त तो तुमच्या सर्फिंगला शोभला पाहिजे. तुमचं सर्फिंग कसं आहे? शांत की आक्रमक?”

श्रीरंगरावांनी वीरेंद्रकडे पाहिलं. “आक्रमक,” ते म्हणाले.

“आणि वजन?”

एकता बघत होती, अमिता बघत होती, आणि वीरेंद्र आपलं ते आत गेलेलं पोट घेऊन बघत होता. श्रीरंगरावांचं खरं वजन अठ्ठ्याऐंशी किलो होतं. “बहात्तर,” ते म्हणाले. हे काही अगदीच खोटं नव्हतं. लग्नात त्यांचं वजन बहात्तर होतं.

अमिताने वरणाच्या वाटीत तोंड लपवलं.

“मग काका, बोर्ड किती भार उचलणार ते लिटरमध्ये मोजतात. तुम्ही सात फुटी, पंचेचाळीस लिटरचा घ्या. नवीन असाल तर पन्नास.”

“तेहतीस कर बाबू,” पार्वताबाई म्हणाल्या.

“आजी, तेहतीस लिटरमध्ये काका बुडतील हो. तो हलक्या माणसांचा. नाहीतर एकदम पोचलेल्या माणसांचा.”

“वाण तेहतीसचंच असते. कमी नाही, जास्त नाही.”

यावेळी श्रीरंगरावांना शहाणपण सुचायला हवं होतं, आणि ते सुचतही होतं. पण तेवढ्यात वीरेंद्र कौतुकाने म्हणाला, “तेहतीस लिटर म्हणजे एक्सपर्ट लोकच वापरतात, श्रीरंगजी. मला तर नऊ फुटी दिला होता, माझी नाही हिंमत.”

“तेहतीसच,” श्रीरंगराव फोनकडे वाकून म्हणाले. “लिहून घ्या.”

बोर्ड यायला सव्वा महिना लागला, आणि शेजारी तिवारीजींना तेवढा वेळ पुरला. बोर्ड दिसेपर्यंत त्यांचा विश्वास बसला नव्हता, पण सल्ला द्यायला विश्वास लागत नाही. रोज संध्याकाळी ते कुंपणावर कोपरं टेकवून उभे राहत. “भुसारीजी, मलमास में नई चीज़? हमारे यहाँ तो सुई भी नहीं लाते.” श्रीरंगराव सांगत की आमच्यात याच महिन्यात जावयाला देतात. “देते होंगे,” तिवारीजी म्हणत, “पर पानी में तो वही मलमास है.”

मालवाहतूक कंपनीच्या गोदामातून फोन आला तेव्हा श्रीरंगराव पोटाला पट्टा बांधून दिवाणावर पालथे पडले होते आणि हातांनी हवेतच पाणी कापायचा सराव करत होते. ते तसेच उठून गेले. गोदामातल्या बाबूने पावती पाहिली, पुडकं पाहिलं आणि विचारलं, “दरवाज़ा है?”

“सर्फबोर्ड है.”

“वो कॉलम नहीं है.” बाबूने रजिस्टर फिरवून दाखवलं. खरंच नव्हता. “लकड़ी है तो जंगल वालों की पर्ची लगेगी. प्लास्टिक है तो अर्ज़ी दीजिए. तीन कॉपी.”

तीस वर्षं श्रीरंगरावांनी लोकांना हेच सांगितलं होतं. ‘तीन प्रती आणा’ हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलेलं होतं की घरी वैष्णवीने सहलीची परवानगी मागितली तरी ते निघून जात असे. आज ते पहिल्यांदाच खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभे होते, आणि तिथून ते वाक्य फार वाईट ऐकू येत होतं. त्यांनी आपण बडे बाबू असल्याचं हळूच सांगून पाहिलं. “तब तो आप नियम जानते ही हैं,” गोदामाचा बाबू म्हणाला. दोन तास आणि तीन प्रतींनंतर तडजोड झाली, आणि त्यांच्या आक्रमक सर्फबोर्डची नोंद ‘कपड़ा प्रेस करने का तख्ता, बिना पाँव का’ अशी झाली. श्रीरंगरावांनी खाली सही केली.

रिक्षा कॉलनीच्या तोंडाशीच थांबली, कारण पुढे रस्ता खणलेला. तिथून पुढे बोर्ड खांद्यावरूनच न्यावा लागला. पुढे श्रीरंगराव, मागे तिवारीजी. पुडकं पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं, वर सुतळीने आडवं-उभं बांधलेलं. भर दुपारी दोघे घामाघूम होऊन, मान खाली घालून चालले होते. नाक्यावरच्या पानवाल्याने हात जोडले. एक स्कूटरवाला थांबला, उतरला, आणि तिवारीजींच्या कानाशी हळूच म्हणाला, “कौन थे?” तिवारीजी हे त्याला समजावून सांगेपर्यंत मागे चार माणसं लागली होती. त्यातल्या एकाने तर मागून खांदाही दिला. घराच्या फाटकाशी आल्यावर त्यांना खरं काय ते सांगणं श्रीरंगरावांच्या जिवावर आलं. त्यांनी सगळ्यांना पाणी पाजून परत पाठवलं.

वाणाचा दिवस उजाडला. घमापुरच्या बैठकीत दोन पाट मांडले. वीरेंद्रला तांब्याचं ताम्हण आणि त्यात तेहतीस अनारसे. श्रीरंगरावांना बोर्ड. पण अनारसे तर त्यांनाही द्यायचे, आणि पार्वताबाईंच्या मते वाण एकच असतं, दोन ठिकाणी ठेवलं की पुण्य वाटलं जातं. त्यांनी बोर्डवर हळदीकुंकवाने स्वस्तिक काढलं आणि नाकापासून शेपटीपर्यंत ओळीने तेहतीस अनारसे मांडले, तुपातून नुकतेच काढलेले. मग दोघांना ओवाळलं. फोटोत बोर्ड साडूच्या ताम्हणापेक्षा पाच पट मोठा दिसत होता. श्रीरंगरावांना महिन्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

“जेवून लगेच बरगीले जाऊ,” ते म्हणाले.

“काहून इतकी घाई?” अमिताने विचारलं. “आधी तो पुसू तर द्या. सगळं तूप लागलं त्याले. आणि पाय घसरू नये म्हणून योगेशनं मेण घासायले सांगितलं होतं न?”

“मेण नवख्यांना लागते,” श्रीरंगराव म्हणाले.

धरणाच्या पाण्यावर अमिताने सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावलं, मापाची आहेत की नाहीत ते बंद ओढून पाहिलं. बाबारावांनी लहानपणी दोघी मुलींना नर्मदेच्या ग्वारीघाटावर पोहायला शिकवलं होतं, त्यामुळे पाण्याजवळ आली की ती जराशी हुकूम सोडायला लागायची. भाड्याची मोटरबोट, मागे दोरी, आणि बोटवाला, जो एकदा बोर्डकडे आणि एकदा श्रीरंगरावांकडे बघत होता. वैष्णवी बोटीत, हातात फोन. बाकी मंडळी काठावर चटई टाकून.

श्रीरंगराव कमरेइतक्या पाण्यात बोर्डवर बसले. बोर्ड सरळ खाली गेला. असा मुकाट्याने गेला, की काठावरच्यांना वाटलं श्रीरंगराव नुसतेच पाण्यात बसलेत.

“बोर्ड कुठंय?” बाबारावांनी ओरडून विचारलं.

“खाली!” श्रीरंगराव म्हणाले. “आहे, आहे!”

मग ते पालथे पडले. बोट सुटली, दोरी ताणली आणि त्यांच्या छातीखालून तेहतीस अनारशांचं तूप आपल्या कामाला लागलं. बोर्ड पुढे निघून गेला, दोरी हातातून सुटली आणि श्रीरंगराव जिथल्या तिथे राहिले. दुसऱ्या खेपेला ते पुढे गेले आणि बोर्ड राहिला. तिसऱ्या खेपेला त्यांनी गुडघा टेकवला, एक पाय उचलला, आणि मग लाइफ जॅकेटचा नारिंगी गोळा तेवढा पाण्यावर उरला. त्या गोळ्यातून आवाज आला, “ठीक है! ठीक है!”

“जरा मी बघू?” वीरेंद्र म्हणाला, आणि पँट दुमडून उतरलाही. श्रीरंगरावांनी बोर्ड दिला. त्या क्षणी त्यांच्या मनात काय होतं ते सांगायला लाज वाटते, पण सांगितलं पाहिजे. हा आता उभा राहणार, आणि अमिता पुन्हा ते ‘वाह’ म्हणणार, आणि तेही सासूबाईंनी दिलेल्या आपल्याच वाणावर. त्यांनी मनातल्या मनात नर्मदामैयाला हात जोडले आणि साडू पडावा अशी प्रार्थना केली.

मैया धावली. वीरेंद्र पाचही वेळा पडला. पाचव्यांदा नाकात पाणी गेलं.

“केरळात कसे उभे होते मग?” बाबाराव म्हणाले.

“शिकवणारा मागून धरून होता न,” एकता चटईवरून म्हणाली. “फोटोत त्याले कापून टाकलं यांनी.”

श्रीरंगरावांच्या कानांत जणू सनई वाजू लागली. चोवीस वर्षांत इतकं सुंदर वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. ते वळून अमिताकडे बघणार, तिच्या चेहऱ्यावर याचा काय परिणाम झाला ते डोळे भरून पाहणार, तर चटईवर अमिता नव्हतीच.

ती पाण्याच्या कडेला उकिडवी बसून, काठच्या मातीने बोर्ड घासत होती असं आधी वाटलं. पण तिने पिशवीतून भांड्यांचा साबण आणलेला होता. तूप काढून झाल्यावर तिने पिशवीतूनच एक मेणबत्ती काढली आणि बोर्डवर गोल गोल घासली, अगदी योगेशने सांगितल्यासारखी. मग ओढणी कमरेला खोचली.

“अहो, सरका जरा,” ती म्हणाली.

“तू?”

“मले कोणी विचारलं का, मले यायचं आहे का म्हणून? सरका.”

अमिताचं वजन पंचावन्न किलो. ती बोर्डवर पालथी पडली, आणि बोर्ड वरच राहिला. नुसता वर राहिला नाही, शहाण्यासारखा राहिला. बोट सुटली. दोरी ताणली. अमिताने आधी एक गुडघा टेकवला, मग एक पाऊल, आणि मग ती उभी राहिली. हिरव्या सलवार-कुर्त्यात, वेणी पाठीवर, गुडघे किंचित वाकवून. बोटीच्या मागे पाण्याची एक लहानशी घडी पडत होती, तिच्यावरून ती निघाली. थोडी डावीकडे कलली, आणि बोर्ड डावीकडे वळला. ज्याला निवांत जायचंय पण मनात आलं तर वळायचंही आहे, असं तो पोरगा म्हणाला होता ते कोणाबद्दल होतं, ते आता स्पष्ट दिसत होतं.

ती सहा सेकंद उभी होती. श्रीरंगराव गळ्याइतक्या पाण्यात होते. त्यांचं तोंड आपोआप उघडलं आणि त्यातून बरगीच्या त्या काठापर्यंत जाईल असा आवाज निघाला. “वाह! अरे वाह! वाह अमिता!”

ती दोरी सोडून पाण्यात पडली, वर आली, केस मागे सारले आणि हसली. काठावर टाळ्या. एकता टाळ्या वाजवता वाजवता मध्येच थांबली आणि म्हणाली, “किती लिटरचा म्हटला हा?” तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी महाराजपुरला परतल्यावर वैष्णवीने तो फोटो ग्रुपवर टाकला. मधोमध अमिता, हात पसरून. डाव्या कोपऱ्यात खाली नारिंगी गोळा, त्यातून आ वासलेलं एक तोंड. श्रीरंगरावांनी तोंड कापायला सांगितलं, पण वैष्णवी म्हणाली, “पापा, उसी से तो फोटो बना है.” अर्ध्या मिनिटात पहिलं उत्तर आलं. वीरेंद्रचं. ‘वाह अमिता!’ टाळ्यांचे तीन हात. आगीचा लोळ.

श्रीरंगरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाह त्यांनी म्हटलं होतं. सगळ्यांत आधी, घसा फोडून, साक्षीदारांसमक्ष, नाकातोंडात पाणी जात असताना. आणि हा घरी कोरड्या कपड्यांत बसून अंगठ्याने वाह म्हणणार? त्यांनी फोन उचलला आणि लिहिलं, ‘हे मी आधी म्हणालो.’

स्वयंपाकघरात अमिताचा फोन वाजला. थोड्या वेळाने ती बशी घेऊन बाहेर आली. बशीत एक अनारसा, तूप निथळलेला, एका बाजूला किंचित हळद लागलेला.

“ऐकलं होतं मी,” ती म्हणाली. “चोवीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले तुम्ही. मोजून राहिली होती मी.”

श्रीरंगरावांना वाटत होतं की या घरात मोजणारे आपण एकटेच आहोत. त्यांनी अनारशाचे दोन तुकडे केले. मोठा तिच्याकडे सरकवला, आणि लहान स्वतः उचलला. कूलर चालू होता. मोटर चांगली चालत होती.

“पुढच्या रविवारी सांगू का बोटवाल्याले?” त्यांनी विचारलं. “मी काठावर बसतो. फोटो काढतो.”

“सांगा,” अमिता तुकडा तोंडात टाकत म्हणाली. मग तिने दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. “पण ताईले नका सांगू. तिचं वजन माझ्याहून कमी आहे.”